दुकानाचे तोंड आणि गिरगावचा पुनर्विकास

गिरगावात जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर, ठाकूरद्वार नाक्यावरून पोर्तुगीज चर्चकडे जाताना, एका चाळीच्या तळमजल्यावर वह्या-पुस्तकांचे आणि लेखनसाहित्याचे दुकान आहे. रुंदी साडेनऊ फूट, खोली तेरा फूट, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम सव्वाशे चौरस फूट. रस्त्याला लागून झिजलेली दगडी पायरी, पायरीच्या आत लाकडी फळी, फळीमागे स्टुलावर बसलेले मालक आणि त्यांच्या डोक्यावर पोटमाळा. शाळेत असताना मी इथूनच प्रयोगवह्या घेत असे. त्या वेळच्या मालकांचे चिरंजीव आज त्याच स्टुलावर बसतात आणि मी त्यांना काका म्हणते. मागच्या पावसाळ्यात काकांनी मला इमारतीच्या पुनर्विकासाच्या करारनाम्याचा मसुदा वाचायला दिला. त्यांच्या गाळ्यापुढे जुने क्षेत्रफळ आणि नवे क्षेत्रफळ असे दोन रकाने होते आणि दोन्हींत एकच आकडा होता. ‘‘जागा तेवढीच देतायत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही,’’ काका म्हणाले, ‘‘पण तोंड कुठे देणार, ते कुठंच लिहिलेलं नाही.’’

व्यापाऱ्यांच्या भाषेत तोंड म्हणजे दुकानाची रस्त्याकडची बाजू. सव्वाशे चौरस फुटांचा गाळा साडेनऊ फूट तोंडाचा असेल तर तो दुकान असतो. तेवढाच गाळा पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या वळणामागे, तीन फुटी दाराचा असेल तर ती फक्त माल ठेवण्याची कोठी होते. गिरगावात दहा-बारा वर्षे जो वाद चालला आहे, त्यात मनोऱ्यांच्या उंचीबद्दल भरपूर बोलले गेले, मराठी माणूस गिरगावात राहणार की नाही याबद्दल त्याहूनही जास्त बोलले गेले. मात्र या साडेनऊ फुटांबद्दल जवळजवळ कोणी बोलले नाही. माझे म्हणणे असे आहे, की शहराच्या जुन्या बाजारपेठेचा पुनर्विकास नीट होतो की बिघडतो, हे मुख्यतः या साडेनऊ फुटांवर ठरते, आणि ती गोष्ट दुकानदार व विकासक यांच्यातील खासगी घासाघिशीवर न सोडता नियमात लिहिली गेली पाहिजे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुनर्विकासाविषयी शंका काढणाऱ्याला लगेच चाळप्रेमी ठरवले जाते. चाळी जशा आहेत तशा राहाव्यात असे मला वाटत नाही. दीडशे ते दोनशे चौरस फुटांची खोली, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, पहाटेचे पाणी भरण्यासाठी लावलेली पिंपे, वाळवीने पोखरलेल्या सागवानी तुळया आणि त्यांना लावलेले टेकू, हे सगळे लेखांतून वाचायला रम्य असते. गुडघे दुखणाऱ्या बाईला तिसऱ्या मजल्यावरून मध्यरात्री संडासाकडे चालत जाण्यात काही रम्य नसते. गॅलरीतल्या गप्पांच्या आठवणी काढणारे बहुतेक लोक आज डोंबिवलीत, बोरिवलीत किंवा न्यू जर्सीत स्वतंत्र संडास असलेल्या घरांत राहतात, आणि त्यात त्यांचे काहीही चुकलेले नाही.

या इमारती इतक्या खचल्या कशा, याचेही उत्तर सर्वज्ञात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. युद्धानंतरच्या टंचाईत ते योग्यच होते. पण भाडी गोठलेलीच राहिली आणि मालकाला इमारतीवर खर्च करण्याचे कारण उरले नाही. भाडेकरूंनी आपापसात पागडीचा, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन भाडेहक्क दुसऱ्याला देण्याचा, व्यवहार उभा केला. खोलीची किंमत लाखांत, महिन्याचे भाडे मात्र चहाच्या पैशात, अशी विचित्र अवस्था झाली. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले आणि भाडेकरूंकडून उपकर घेऊन दुरुस्ती करण्याची जबाबदारी सरकारने उचलली. त्या वेळी मुंबई बेटावरच्या जुन्या शहरात १९,६४२ उपकरप्राप्त इमारती नोंदल्या गेल्या. त्यांतील हजारो आजही उभ्या आहेत, आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजाराजवळ हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. ज्या भागाचा पुनर्विकास मंजूर होऊन कामही सुरू झाले होते, त्याच भागातली ती इमारत होती. तेव्हा पुनर्विकास हवा की नको, हा प्रश्नच नाही. तो लवकर हवा.

प्रश्न आहे तो कोणत्या नियमांनी, याचा. उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधील विनियम ३३(७) प्रमाणे होतो. त्याची रचना समजायला सोपी आहे. जुन्या भाडेकरूंना मोफत नवी घरे द्यायची, त्या बदल्यात विकासकाला जास्तीचे बांधकाम करून ते बाजारभावाने विकू द्यायचे. एका भूखंडावर पुनर्वसनाच्या क्षेत्रफळाच्या ५० टक्के प्रोत्साहन, म्हणजे विक्रीसाठी जास्तीचे बांधकाम; दोन ते पाच भूखंड एकत्र केले तर ६० टक्के; सहा किंवा अधिक केले तर ७० टक्के. राहत्या भाडेकरूला, त्याची मूळ खोली कितीही लहान असली तरी, किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते. ही मर्यादा पूर्वी २२५ होती, ती वाढवली गेली, आणि ते चांगलेच झाले. अनिवासी भाडेकरूला मात्र, म्हणजे दुकानदार, शिंपी, दवाखानेवाला, पिठाची गिरणीवाला यांना, जुन्या जागेइतकी जागा मिळते.

हे वाक्य पुन्हा वाचावे. जागेइतकी जागा. वर वर पाहता यात अन्याय काहीच दिसत नाही. परंतु घराची किंमत क्षेत्रफळात असते आणि दुकानाची किंमत जागेच्या स्थानात असते, हा साधा भेद या नियमाने पुसून टाकला आहे. राहणाऱ्याचे घर दुसऱ्या मजल्यावरून बाविसाव्या मजल्यावर गेले तर त्याला लिफ्टची सवय करावी लागते. दुकान रस्त्यावरून आत गेले तर त्याचे गिऱ्हाईकच जाते. दुकानदाराला क्षेत्रफळाची हमी मिळते. तळमजल्याची, रस्त्याकडच्या बाजूची आणि दर्शनी लांबीची हमी मात्र त्याने स्वतः करारात मिळवायची असते.

आणि ती मिळवण्यासाठी त्याच्या हातात काय असते? पुनर्विकासाला पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागत असे, आता ५१ टक्के पुरते. ज्या इमारतीत चाळीस खोल्या आणि सहा दुकाने आहेत, तिथे सहाही दुकानदारांनी सही नाकारली तरी काही अडत नाही. उलट वरच्या मजल्यावरची माणसे त्यांच्याकडे घर अडवणारे म्हणून पाहू लागतात. मी अशा दोन बैठकांना बसले आहे. ज्या वाण्याने वर्षानुवर्षे महिनाअखेरपर्यंत उधार दिले, त्यालाच ‘‘तुमच्या एका गाळ्यासाठी आमचं घर थांबायचं का’’ असे विचारणारे लोक दुष्ट नव्हते. ते तीस वर्षे थांबलेले होते. नियमानेच त्यांना परस्परांच्या समोर उभे केले होते. ५१ टक्क्यांची अट मी चुकीची म्हणणार नाही, कारण एखाद्या आडमुठ्या माणसासाठी सगळी इमारत धोक्यात ठेवणे अधिक वाईट. पण बहुमताने ज्याला हरवता येते, त्याचे हक्क नियमात लिहावे लागतात.

आता विकासकाची बाजू. तळमजल्यावर दुकाने नकोत असे त्याला तत्त्वतः वाटत नाही. तळमजल्यावरचा गाळा चौरस फुटामागे वरच्या घराहून महाग विकला जातो हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून रस्त्याकडची मोक्याची जागा विक्रीसाठी राखावी आणि जुन्या दुकानदारांना मागे किंवा पहिल्या मजल्यावर सरकवावे, असा मोह होतो. याहून मोठे कारण गाड्यांचे आहे. नव्या घरांसाठी वाहनतळ बंधनकारक असतो, घर मोठे तितकी गाड्यांची संख्या जास्त, आणि हा बंधनकारक वाहनतळ चटईक्षेत्रात, म्हणजे भूखंडावर मंजूर होणाऱ्या बांधकामाच्या मर्यादेत, मोजला जात नाही. गिरगावच्या अरुंद भूखंडावर तो मावणार कुठे? तळघर खणायचे तर शेजारची जुनी चाळ कलते आणि खर्चही वाढतो. मग तळापासून पाच-सात मजल्यांचा पोडियम, म्हणजे गाड्या ठेवण्याचा रुंद चौथरा, उभा राहतो, त्यावर घरे सुरू होतात, आणि रस्त्याच्या पातळीवर गाड्यांचा रॅम्प, विजेचे उपकेंद्र, पाण्याच्या टाकीचे झाकण, पहारेकऱ्याची खोली आणि लोखंडी फाटक एवढ्या गोष्टी येतात.

अशा एका नव्या मनोऱ्यापुढून मी मुद्दाम पावले मोजत चालले. फाटकाच्या या खांबापासून भिंतीच्या त्या टोकापर्यंत बासष्ट पावले झाली. त्या बासष्ट पावलांत एक दार होते, तेही बंद. भिंतीवर देवादिकांच्या चित्रांच्या फरशा लावल्या होत्या. भिंत कशासाठी वापरली जाऊ नये म्हणून त्या लावतात हे मुंबईकराला सांगायला नको. त्याच रस्त्याच्या समोरच्या बाजूला, अजून न पाडलेल्या चाळीखाली, तेवढ्याच बासष्ट पावलांत फरसाणवाला, चष्मेवाला, पूजासाहित्य, घड्याळदुरुस्ती, होमिओपॅथीचा दवाखाना, साडीला फॉल-पिको करणारी बाई आणि बंद पडलेली एक लाँड्री होती. रात्री साडेआठला एका बाजूला उजेड होता आणि माणसे होती. दुसऱ्या बाजूला पहारेकरी मोबाइलवर काहीतरी पाहत होता. मी कोणत्या बाजूने चालत घरी आले हे सांगण्याची गरज नाही.

गंमत अशी, की गाड्यांसाठी हे सगळे होत असताना त्याच रस्त्याखालून मेट्रो गेली आहे. कफ परेड ते आरे ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झाली आणि काळबादेवी व गिरगाव अशी दोन स्थानके या जुन्या वस्तीच्या पोटात आली. त्यासाठी चाळी पाडल्या गेल्या, आंदोलने झाली, त्याच भागात पुनर्वसन करण्याची आश्वासने द्यावी लागली. एवढी किंमत मोजून दाराशी मेट्रो आणायची, चर्नी रोडचे लोकलचे स्थानक आधीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेच, आणि तरीही नव्या इमारतीला गाड्यांचे सात मजले बांधण्याची सक्ती करायची, हे दोन निर्णय एकाच शासनाच्या दोन टेबलांवर परस्परांना न भेटता झालेले दिसतात. स्थानकाभोवतीच्या पट्ट्यात वाहनतळाची किमान अट काढून तिथे कमाल मर्यादा घातली, तर पोडियमची उंची आपोआप कमी होईल आणि तळमजला मोकळा होईल.

उंचीबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण ‘टॉवर नकोत’ ही घोषणा ऐकायला जोरकस असली तरी तिच्यात दोन वेगळे आक्षेप मिसळले आहेत. एक आक्षेप डोळ्यांचा आहे: आकाशरेषा बिघडते, गिरगावचे रूप जाते. तो मला फारसा पटत नाही. चाळी बांधल्या गेल्या तेव्हा नारळीच्या वाड्यांच्या मालकांनाही तसेच वाटले असणार. झावबावाडी, कांदेवाडी, आंबेवाडी ही नावे काही चाळींमुळे पडलेली नाहीत. दुसरा आक्षेप उजेडवाऱ्याचा आहे आणि तो खरा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम धरून बसले होते: समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून खोलीच्या खिडकीच्या पायथ्यापर्यंत रेषा काढली तर ती जमिनीशी याहून मोठा कोन करता कामा नये. हिशेब केला तर त्याचा अर्थ असा होतो, की इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त असू नये. चाळीस मजल्यांचा मनोरा १२० मीटर उंच धरला तर त्याच्यासमोर ६० मीटर मोकळी जागा लागेल. गिरगावात ६० मीटर मोकळी जागा फक्त चौपाटीवर आहे. ऑर यांचा नियम आज अक्षरशः लागू करावा असे कोणी म्हणणार नाही, पण प्लेग पाहिलेल्या माणसांनी ज्या गोष्टीला जिवाचा प्रश्न मानले, ती आता सवलतींच्या यादीत गेली आहे, एवढे लक्षात ठेवावे. बाजूच्या मोकळ्या जागा कमी सोडण्याची मुभा पुनर्विकासाला मिळते, आणि दोन मनोऱ्यांतल्या फटीत खालच्या मजल्यांवर नेमके कोण राहते? पुनर्वसनातले जुने भाडेकरू. विक्रीची घरे वर असतात.

न्यायालयाने या बाबतीत एकदा कान टोचले आहेत. कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये सांगितले, की रहिवाशांसाठी सोडायची मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे, पोडियमच्या गच्चीवर दाखवून चालणार नाही, आणि अग्निशमनाची गाडी फिरेल एवढी जागा तळाशी राहिलीच पाहिजे. ज्या शहरात जमीन जमिनीवरच असते हे सांगायला सर्वोच्च न्यायालय लागते, तिथे नियमांच्या शब्दांवर किती अवलंबून असते याची कल्पना यावी.

माझे स्वतःचे मत असे आहे, की उंच इमारत मागे असेल, रस्त्याच्या कडेला तीन-चार मजल्यांची सलग दुकानांची रांग असेल आणि दोहोंमध्ये उजेड येईल एवढे अंतर असेल, तर वरचा मनोरा तीस मजल्यांचा आहे की चाळीस, याने रस्त्यावरून चालणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. उंचीच्या वादात आपण सगळी ताकद खर्च करतो, विकासकही चार मजले कमी करून उदारपणे तडजोड करतो, आणि तळमजल्याची भिंत तशीच मंजूर होऊन जाते.

रस्त्याचे रूप नियमाने ठरवणे ही काही परदेशातून आणायची कल्पना नाही. मुंबईने ते सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. किल्ल्याचे तट पाडल्यावर आखलेल्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, १८९६ च्या नियमाने प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा छतबंद मार्ग ठेवणे भाग पडले. वरची शैली ज्याची त्याने निवडावी: कोणी गॉथिक केली, कोणी नवअभिजात, कोणी इंडो-सारासेनिक. पण खालची कमान सगळ्यांना सारखी. परिणाम असा, की आजही भर जुलैत छत्री न उघडता त्या रस्त्यावरून बरेच अंतर चालता येते आणि दुकानांच्या काचा ओलांडत जाता येते. पुढे त्या कमानी फलकांनी झाकल्या गेल्या होत्या. तेव्हा फलकांचे आकार आणि जागा ठरवून देणारा प्रकल्प झाला, दुकानदारांनीच सहकार्य केले, आणि २००४ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला. मालमत्ता खासगी होती, खर्च खासगी होता, व्यापारही खासगी होता. रस्त्याकडची बाजू मात्र सार्वजनिक मानली गेली. गिरगावसाठी मला एवढेच हवे आहे.

नियंत्रण म्हटले की एक भीती योग्यच वाटते, ती म्हणजे सगळे गोठवून टाकण्याची. तिचे उदाहरण पुण्यात आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीप्रमाणे केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट आहे. शनिवारवाड्याभोवती यामुळे झाले काय? जुने वाडे नव्याने बांधता येत नाहीत म्हणून ढासळत राहिले. स्मारकाचे वैभव जपायचा नियम स्मारकाच्या शेजारचे पुणे मोडकळीला आणतो आहे. फुटपट्टी घेऊन वर्तुळ काढणे सोपे असते, म्हणून तसे नियम होतात. मला गिरगावसाठी असले वर्तुळ नको आहे. खोताची वाडी जपायला हवी, तिथल्या लाकडी सज्ज्यांच्या घरांना वारसा म्हणून वेगळे संरक्षण हवे. पण ठाकूरद्वारच्या प्रत्येक चाळीला वारसा ठरवणे म्हणजे त्यातल्या माणसांना टेकूंखाली ठेवणे होय.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. लोक म्हणतात, दुकाने राहणार आहेत कुठे? घरपोच सामान मोबाइलवर दहा मिनिटांत येते, काकांच्या दुकानात वही घ्यायला आता कोण जाते, मुलगा आयटीत आहे आणि तो स्टुलावर बसणार नाही. मरत्या धंद्यासाठी नियम कशाला? यातला निम्मा भाग खरा आहे. काकांचा मुलगा खरोखर स्टुलावर बसणार नाही. पण मी काकांचा धंदा जपा असे म्हणतच नाही. उद्या त्या साडेनऊ फुटांत मोबाइल दुरुस्ती येईल, पोळी-भाजी केंद्र येईल, आणखी काही येईल ज्याचे नाव आज आपल्याला माहीत नाही. गिरगावातल्या दुकानांच्या पाट्या दर पिढीला बदलत आल्या आहेत. लहान तोंडाचा, कमी भाड्याचा, रस्त्याला लागलेला गाळा असेल तरच थोड्या भांडवलाचा माणूस काही सुरू करू शकतो. सहा गाळे मोडून एक दोन हजार फुटांचे दालन केले, की तिथे फक्त मोठी साखळी दुकाने, सराफ किंवा बँक येऊ शकते. आणि मागणी नाही म्हणणाऱ्यांनी ११ डिसेंबरला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर जावे. २०२१ पासून महापालिका तिथे पादचारी दिन पाळते, रस्ता वाहनांसाठी बंद ठेवते, आणि माणसे हौसेने चालायला येतात. दर दहा पावलांवर नवे दार आहे म्हणून तो रस्ता चालण्यासारखा आहे. भिंतीपुढून चालायला कोणी हौसेने येत नाही.

भेंडीबाजाराचे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिले जाते. साडेसोळा एकर, सुमारे अडीचशे इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने, एवढा मोठा समूह पुनर्विकास तिथे एका समाजाच्या विश्वस्त संस्थेने २००९ पासून हाती घेतला. दुकाने हा तिथल्या आराखड्याचा पहिल्यापासून भाग होता, कारण बाजार मोडला तर वस्तीच मोडेल हे संस्थेला माहीत होते. पण गिरगावात अशी एक संस्था नाही आणि होणारही नाही. इथे वाडीवाडीला वेगळा मालक, वेगळा विकासक, वेगळी समिती, आणि समितीत दोन गट. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, म्हणजे एकत्र येण्याची परंपरा आहे. पण आरतीसाठी एकत्र येणे आणि करारनाम्यासाठी एकत्र येणे यांत फरक आहे, हे कोणत्याही चाळसमितीच्या सचिवाला विचारावे. जिथे एक मालक किंवा एक संस्था संपूर्ण रस्त्याचा विचार करू शकत नाही, तिथे तो विचार नियमाने करावा लागतो.

नियमात नेमके काय यावे, हे सांगणे कठीण नाही. म्हाडा, म्हणजे राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण, भाडेकरूंची जी प्रमाणित यादी करते, तिच्यात अनिवासी गाळ्यापुढे क्षेत्रफळाबरोबर रस्त्याकडच्या तोंडाची लांबी आणि मजला नोंदवावा, आणि नव्या इमारतीत ते तोंड त्याच रस्त्यावर, तळमजल्यावर, किमान तेवढेच मिळावे. ज्या रस्त्यांवर आज सलग दुकाने आहेत ते रस्ते विकास आराखड्यात बाजारपेठेचे रस्ते म्हणून दाखवावेत. त्या रस्त्यांवर पोडियमची भिंत आणि रॅम्पचे तोंड येऊ नये, वाहनतळ दुकानांच्या रांगेच्या मागे आणि प्रवेश शक्यतो आडगल्लीतून असावा. भूखंड कितीही एकत्र झाले आणि त्यासाठी कितीही टक्के प्रोत्साहन मिळाले तरी दर्शनी बाजूला ठराविक अंतरावर स्वतंत्र दार असलेच पाहिजे. पुनर्वसनाचा गाळा विकून शेजारचे चार गाळे जोडून दालन करण्यावर काही वर्षे बंधन असावे. हे शेवटचे कलम दुकानदारांनाही आवडणार नाही, कारण विकण्याचा हक्क त्यांनाही हवा आहे. तरी ते मला आवश्यक वाटते. आणि बांधकामाच्या काळात, जो तीन वर्षांचा सांगितला जातो आणि ज्याचा भरवसा कोणी देत नाही, दुकानदाराला त्याच रस्त्यावर तात्पुरता गाळा मिळावा. राहणाऱ्याला भाडे देऊन कांदिवलीला पाठवता येते. दुकान कांदिवलीला गेले तर परत येताना गिऱ्हाईक घेऊन येत नाही.

यासाठी नवा आराखडा येण्याची वाट पाहायला नको. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात आणि नियमावलीत फेरबदल करता येतात. सूचना प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते. विकासकांच्या मागण्यांवरून हे कलम किती वेळा वापरले गेले आहे ते मंत्रालयाच्या नगरविकास विभागात जाणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. ते एकदा साडेनऊ फुटांसाठी वापरले तर आकाश कोसळणार नाही. विकासकांचा यात तोटा होईल का? थोडा होईल. मोक्याचे काही गाळे विक्रीतून जातील, रॅम्प वळवायला खर्च येईल. पण वाहनतळाची सक्ती कमी झाल्याने पाच-सात मजल्यांच्या पोडियमचा खर्च वाचेल, तो यापेक्षा मोठा आहे. हा सौदा महापालिकेने समोर ठेवून तर पाहावा.

काकांच्या इमारतीचा करार अजून झालेला नाही. दिवाळीनंतर मी गेले तेव्हा मसुद्याची दुसरी प्रत आली होती आणि दोन रकाने तसेच होते. काकांनी दुकानातलीच पट्टी घेऊन त्यांच्या शेजारी शिसपेन्सिलीने तिसरा रकाना आखला होता, वर ‘तोंड’ असे लिहिले होते, आणि खाली ‘साडेनऊ फूट, ज. शं. रस्त्याकडे, तळमजला’. शेजारच्या चष्मेवाल्याने आणि फॉल-पिकोवाल्या बाईंनीही आपापल्या प्रतींवर तसाच रकाना आखून घेतला होता. तिन्ही प्रती विकासकाच्या वकिलाकडे गेल्या आहेत आणि उत्तर यायचे आहे.